स्वस्तातले तीन डीव्हीडी प्लेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एका टीव्हीखाली तीन डीव्हीडी प्लेअर बघितले की येणारा-जाणारा विचारतोच. हौसेने जमवलेले नाहीत. जुन्याने डिस्क वाचणं सोडलं म्हणून एक छोटा घेतला. छोट्याने घरी बर्न केलेल्या डिस्क नाकारल्या म्हणून आणखी एक घेतला. आणि तो घरी येतो न येतो तोच, लेन्स पुसल्यावर जुना पुन्हा सुरू झाला. मग म्हटलं, आहेत तर तिघांनाही वापरून बघू. त्याला आता आठ महिने झाले.

तिघंही किमतीच्या खालच्या टोकाचे. कंपन्यांची नावं घेत नाही, थोरला, मधला, धाकटा एवढं पुरे. थोरला म्हणजे जुन्या पद्धतीचा रुंद पत्र्याचा डबा. पाठीमागे टीव्हीला जोडायच्या कॉम्पोझिट, एस-व्हिडिओ, कंपोनंट या जुन्या जागा सगळ्या आहेत, पण एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाज एकाच तारेतून डिजिटल पाठवणारी नवी जागा, नाही आणि यूएसबीही नाही. मधल्याला एचडीएमआय, यूएसबी, पुढे आकडे दाखवणारी छोटी पट्टी. धाकटा डिस्कपेक्षा जेमतेम मोठा, वजनाला हलका, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा. त्याला पट्टी वगैरे काही नाही, फक्त एक लाल दिवा.

धाकट्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०८०पी' लिहिलेलं होतं. आत केबल मात्र निघाली ती पिवळी-लाल-पांढरी. पहिला आठवडा मी तीच लावून बघत बसलो आणि चित्र एवढं गढूळ का, म्हणून प्लेअरला शिव्या घालत होतो. चूक माझीच. पिवळ्या तारेतून, म्हणजे कॉम्पोझिटमधून, उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती एकाच सिग्नलमध्ये कालवून जाते. टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते आणि ते कधीच शंभर टक्के जमत नाही. श्रेयनामावलीतल्या लाल अक्षरांच्या कडेने मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात ना, ते याचंच. बारीक चौकड्यांच्या शर्टावर नसलेलं इंद्रधनुष्य उमटतं तेही याचंच. एचडीएमआयची केबल लावली आणि मुंग्या गेल्या. या सगळ्या आठ महिन्यांत चित्रात पडलेला सगळ्यात मोठा फरक हाच. प्लेअर तोच होता, फक्त तार बदलली.

थोरल्याला एचडीएमआय नाही, पण हिरवी-निळी-लाल कंपोनंटची तीन तोंडं आहेत. तिथे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. टीव्हीला कंपोनंटची जागा असेल तर जुना प्लेअर भंगारात काढायची घाई करू नका. मी एकच सिनेमा थोरल्यावर कंपोनंटने आणि मधल्यावर एचडीएमआयने, तोच प्रसंग मागे-पुढे करून पाहिला. टीव्हीला नाक लावलं तर मधला किंचित रेखीव. सोफ्यावर बसलं की ओळखू येत नाही.

आता त्या १०८०पीबद्दल, कारण बहुतेकजण खोक्यावरचा तोच आकडा बघून खरेदी करतात. डीव्हीडीवरचं चित्र पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीत ७२० बाय ४८०. त्याहून जास्त तपशील डिस्कवर नाहीच. १०८०पीचा प्लेअर करतो काय, तर त्या ५७६ ओळींच्या ताणून १०८० करतो. तेच काम टीव्हीही करतो, कारण पडदा भरायचा तर कुणीतरी ते करायलाच हवं. प्रश्न एवढाच की दोघांपैकी कुणाला चांगलं जमतं. आणि ओळी ताणण्याआधीचं एक काम जास्त नाजूक असतं, तिथेच स्वस्त प्लेअर उघडे पडतात.

ते मला एका नाटकाच्या डिस्कने शिकवलं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो. पाल डिस्कवर तो जरा वेगाने, २५ चौकटींनी चालवलेला असतो. त्यातली प्रत्येक चौकट डिस्कवर दोन अर्ध्यांत साठवलेली असली, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम, तरी दोन्ही अर्धी एकाच क्षणाची असतात. जोडली की झालं. नाटक मात्र व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेलं होतं. तिथे सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात आणि प्रत्येक अर्धं वेगळ्या क्षणाचं. दुसऱ्या अंकात एक पात्र हातवारे करत रंगमंचाच्या या टोकाहून त्या टोकाला जातं. धाकट्यावर, १०८०पी लावलेलं असताना, त्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटले. हात थांबला की दात गायब, हलला की परत हजर. वेगवेगळ्या क्षणांची दोन अर्धी तो डोळे मिटून एकमेकांत गुंफत होता. मधल्याने तोच प्रसंग स्वच्छ दाखवला. हललेला भाग आणि स्थिर भाग वेगळे ओळखून तो काम करत असावा, कारण मागचा पडदा आणि खुर्ची रेखीव राहिली, हात किंचित मऊ झाला आणि दात दिसले नाहीत.

धाकटा परत करायच्या विचारात होतो. मग सेटिंगमध्ये रिझोल्यूशनची यादी चाळताना खाली ५७६आय सापडलं, म्हणजे ५७६ ओळी, पण अर्ध्या-अर्ध्या चित्रांत. ते निवडलं, म्हणजे प्लेअरला सांगितलं की बाबा, तू काही करू नकोस, डिस्कवर आहे तसं पाठव, पुढचं टीव्ही बघून घेईल. दात गेले! खोक्यावर ज्या आकड्याची जाहिरात होती तो बंद केल्यावर चित्र सुधारलं, याला काय म्हणावं. तुमच्याकडे असा प्लेअर असेल तर आधी हे करून बघा. सगळ्याच प्लेअरमध्ये एचडीएमआयवर ५७६आय मिळत नाही, काहींची यादी ५७६पीपासून, म्हणजे अर्धी जोडून केलेल्या पूर्ण चित्रापासून, सुरू होते, त्यामुळे पर्याय आहे का ते तपासावं लागेल.

याचा आणखी एक फायदा लागलीच दिसला. जुन्या चौकोनी, ४:३ आकाराच्या डिस्क धाकटा १०८०पीवर आडव्या ताणून दाखवत होता, सगळी माणसं बुटकी आणि गुबगुबीत. टीव्हीच्या रिमोटने आकार बदलायला जावं तर टीव्ही ऐकेना, कारण त्याच्या दृष्टीने आलेलं चित्र आधीच १६:९ होतं. ५७६आय केल्यावर टीव्हीचं आकाराचं बटण पुन्हा चालू लागलं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'टीव्हीचा आकार' असंही एक कलम असतं. रुंद टीव्ही असून ते ४:३ लेटरबॉक्सवर राहिलं तर रुंद चित्राच्या ओळी प्लेअर स्वतःच कमी करून टाकतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्या भरतो. माझ्या एका मित्राकडे वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. तो टीव्हीवर झूम करून बघायचा आणि डीव्हीडी धूसरच असतात असं सगळ्यांना सांगायचा.

काळ्या रंगाचा एक घोळ मात्र सोडवायला वेळ लागला. धाकट्यावर अंधारातल्या प्रसंगात काळा कोट म्हणजे नुसता डाग, घड्या नाहीत, बटणं नाहीत. मधल्यावर त्याच कोटाची शिवणसुद्धा दिसत होती. व्हिडिओत काळा शून्यावर नसतो, १६ या पातळीवर असतो, आणि पांढरा २३५ वर. एकजण त्या हिशेबाने पाठवतो आणि दुसरा ० ते २५५ चा हिशेब धरून बसतो, तेव्हा काळे तपशील बुडतात किंवा सगळं चित्र फिकट पडतं. टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल नावाचं सेटिंग होतं, ते बदललं आणि कोटाला बटणं आली.

चित्राचं एवढं पुराण झालं, पण खरं सांगायचं तर रोजच्या वापरात कुठला प्लेअर हाताशी घ्यायचा हे चित्रावर ठरत नाही. ते ठरतं डिस्क वाचण्यावर.

माझ्याकडे घरच्या कार्यक्रमांच्या बर्न केलेल्या बऱ्याच डिस्क आहेत, काही डीव्हीडी-आर, काही पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू. छापील डिस्कच्या मानाने आरडब्ल्यूवरून लेझरचा उजेड बराच कमी परततो, साधारण दोन थरांच्या डिस्कइतकाच. त्यामुळे काही प्लेअर गोंधळतात. धाकटा अशी डिस्क घातली की कुरकुरतो, थांबतो, पुन्हा कुरकुरतो आणि शेवटी 'नो डिस्क' म्हणून मोकळा होतो. मधला दहातल्या सात-आठ वाचतो. थोरला सगळ्या. एक डिस्क तिघांनीही नाकारली, तेव्हा लक्षात आलं की रेकॉर्डरवर ती फायनलाइज करायचीच, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद करायचीच, राहिली होती. तो दोष प्लेअरच्या माथी मारू नये.

ओरखड्यांचंही तेच. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती त्या दोघींच्या मध्ये असते, म्हणजे वरवरचा ओरखडा थेट माहितीवर पडत नाही. पण वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा लागोपाठ बरीच माहिती झाकतो, आणि मग चूक दुरुस्त करायला प्लेअरच्या हाती काही उरत नाही. म्हणून पुसताना मधून बाहेर, सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल नाही. अशा एका ओरखड्यावर थोरला क्षणभर चौकोन दाखवून पुढे जातो, मधला पाच-सहा सेकंद अडकतो आणि धाकटा डिस्क पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सिनेमा दीड तास झालेला असताना कंपनीची चित्रफीत आणि सक्तीची सूचना परत बघायची म्हणजे डोकं फिरतं.

आईची तक्रार वेगळीच. ती अर्धा सिनेमा आज बघते, अर्धा उद्या. मधला बंद करून चालू केला तरी थांबलेली जागा लक्षात ठेवतो. धाकटा स्टँडबायमध्ये असेपर्यंतच ठेवतो, बटणापासून वीज बंद केली की कोरा. आणि तिला तर झोपताना सगळी बटणं बंद करायची सवय. "अरे, काल विहिरीपाशी थांबलो होतो ना, तिथं लावून दे," म्हणून मला हाक. विहीर कुठल्या प्रकरणात येते हे शोधायचं, तेही धाकट्याच्या रिमोटने! तो रिमोट क्रेडिट कार्डाएवढा, सगळी बटणं सपाट आणि एकाच मापाची, 'पुढचं प्रकरण' आणि 'डिस्क बाहेर' शेजारी शेजारी. अंधारात किती वेळा ट्रे बाहेर आला त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

पुढची आकड्यांची पट्टी निरुपयोगी शोभा वाटायची मला. पण गाण्यांची सीडी लावताना तिची किंमत कळते. मधल्यावर टीव्ही बंद ठेवून कितवं गाणं चालू आहे ते दिसतं. धाकट्यावर त्यासाठी टीव्ही लावा.

आवाजाबद्दल थोडंच. डीव्हीडीवरचा ५.१, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज दोन स्पीकरमध्ये बसवताना संवाद दबतात आणि मारामारी आली की घर हादरतं. मधल्यात 'नाइट मोड' आहे, तो मोठे आवाज आवळतो. रात्री मी तो कायम चालू ठेवतो. थोरल्यात हीच सोय डायनॅमिक रेंज या नावाने खोल मेनूत पुरलेली सापडली. धाकट्यात नाही.

यूएसबीवर फार भिस्त ठेवू नका. माझे यूएसबीवाले दोन्ही प्लेअर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह ओळखतात, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावणारच नाही. जुन्या एव्हीआय फायली चालतात, फोनवर काढलेले व्हिडिओ चालत नाहीत. फायलींची मराठी नावं दोघंही नुसते चौकोन म्हणून दाखवतात. फोटो बघायला ठीक.

थोरला सुरू कसा झाला, हे बऱ्याच जणांना हवं असेल. वीज काढली, झाकण उघडलं, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं बोट लावलं आणि लेन्सवरून हलकेच, दाब न देता फिरवली. लेन्स अगदी बारीक तारांवर तोललेली असते, जोर लावला तर संपलं. झाकण उघडं ठेवून वीज लावायची नाही, लेझर डोळ्याला घातक असतो, आणि सीडीसाठीचा ७८० नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला नीट दिसतही नाही. काडीवर आलेली काजळी बघून आश्चर्य वाटलं, की हा इतके दिवस तरी कसा वाचत होता.

सध्याची मांडणी अशी : टीव्हीला मधला कायमचा जोडलेला, आईही तोच वापरते. धाकटा प्रवासाच्या पिशवीत, त्या कामाला त्याचा आकार खरंच सोयीचा आहे. थोरल्यावर आम्ही फक्त घरच्या बर्न केलेल्या डिस्क बघतो, आणि ज्या अजून वाचता येताहेत त्यांच्या प्रती मी संगणकावर काढून ठेवतोय. गेल्या महिन्यापासून त्याचा ट्रे पहिल्या दाबात उघडत नाही. आतून मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण ट्रे जागचा हलत नाही. आतला रबरी पट्टा सैल झालाय. तेवढ्या मापाचा पट्टा मिळेपर्यंत बटण दाबायचं आणि त्याच वेळी नखाने ट्रेची कड ओढायची, असं चाललंय.