ग्राहकांच्या मोबाइलवरून माहिती घेताना : क्यूआर फॉर्म, वाय-फाय की नकळत मोजणी?

चाटी गल्लीतले चादरींचे दुकान असो वा मंगल कार्यालयात भरलेले प्रदर्शन, येणाऱ्यांच्या मोबाइलवरून माहिती मिळवण्याचे तीन मार्ग सोलापुरातल्या व्यापाऱ्यांना हल्ली सुचवले जातात : क्यूआर कोडवरून उघडणारा फॉर्म, नंबर आणि ओटीपी घेऊन दिलेले मोफत वाय-फाय, आणि फोन नकळत टिपून गर्दी मोजणारे यंत्र.

यांपैकी यंत्राचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाय-फाय चालू असलेला फोन नेटवर्क शोधताना जे संदेश सोडतो, त्यांतला मॅक पत्ता, म्हणजे फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक, हे यंत्र टिपते. परंतु आयफोनमध्ये २०१४ साली आलेल्या आयओएस ८ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून असा शोध घेताना बदलता, बनावट पत्ता वापरण्याची सोय आहे. त्यामुळे एकच माणूस अनेकदा मोजला जातो आणि जुना ग्राहक परत आला का, हे कळत नाही. शिवाय ज्याची माहिती घेतली त्याला कोणी विचारलेलेच नसते. नुसती डोकी मोजायची असतील, तर दारावर बसवलेला साधा सेन्सर पुरे.

वाय-फायमधून खात्रीचा नंबर मिळतो, हे खरे. मात्र स्वतःचे इंटरनेट खिशात असलेला ग्राहक दहा मिनिटांसाठी ओटीपी टाकत बसत नाही. लग्नाच्या बस्त्याला आलेले कुटुंब तासन् तास बसते, तिथेच ही सोय चालते, आणि तिथेही लॉगिन करतो तो बहुधा कंटाळलेला भाचा, खरेदी ठरवणारी मावशी नव्हे. स्वतःच्या नावाने ओटीपी पाठवायचा, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१८ च्या नियमांनुसार नाव व मजकूर यांची नोंदणी करावी लागते. एवढे करून दिसते काय? नंबर, वेळ आणि किती वेळ जोडलेला होता, एवढेच.

दुकानदाराला हवे असते ते निराळे : ग्राहक कुठून आला, काय शोधत होता, काय मिळाले नाही. ते गूगल फॉर्ममधून फुकट मिळते. उत्तरे वेळेसह गूगल शीटमध्ये (ऑनलाइन तक्त्यात) पडतात आणि आलेख आपोआप तयार होतात. ‘एकाच प्रतिसादाची’ मर्यादा मात्र लावू नये, कारण मग गूगल खात्यात साइन-इन करावे लागते आणि निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात, असे समजून चालावे. विजापूर-गुलबर्ग्याकडच्या ग्राहकांसाठी कन्नडही हवी; पण भाषेनुसार वेगळे विभाग केले, तर एकाच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या स्तंभांत विखुरतात. त्याऐवजी तीनच प्रश्न ठेवून प्रत्येक प्रश्न मराठी व कन्नडमध्ये एकाखाली एक लिहावा. रेंज नसलेल्या तळघरात हा फॉर्म उघडणार नाही. तिथे कोबोटूलबॉक्ससारख्या, नेटशिवाय नोंद घेऊन नंतर पाठवणाऱ्या साधनावर नोकरानेच विचारून भरावे.

नंबरचा रकाना ऐच्छिक ठेवावा आणि तो कशासाठी हवा, हे त्याखालीच लिहावे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती हेतू सांगूनच घ्यायची आहे, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ खुली न ठेवता मालक आणि रोजचा हिशेब पाहणारा, अशा दोघांनाच द्यावी, आणि नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी काढावा.