मॅन पानांचा सोर्स आवरताना: जुने मॅन मॅक्रो, एमडॉक की मार्कडाउन?

सी लायब्ररी किंवा सिस्टिम टूल सांभाळणाऱ्याच्या गळ्यात कधी ना कधी मॅन पानांची, म्हणजे युनिक्स-लिनक्समधल्या कमांड आणि फंक्शनांच्या माहितीपानांची, आवराआवर पडतेच. सोर्स उघडावा तर मधेच रिकाम्या ओळी, हाताने घातलेलं बोल्ड आणि शंभर अक्षरांच्या पुढे गेलेल्या ओळी. मग प्रश्न येतो: आहे तेच नीट करायचं, की या निमित्ताने सगळं एमडॉक या दुसऱ्या मॅक्रो-संचात न्यायचं?

मॅन मॅक्रो, म्हणजे सोर्समध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या मांडणीच्या सूचना, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आले. ते फक्त दिसणं सांगतात: हे ठळक, हे तिरकं. एमडॉक १९९०च्या सुमारास बर्कली विद्यापीठात सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी घडवलं. ते अर्थ सांगतं: हे फंक्शनचं नाव, हा अर्ग्युमेंट, हा एरर कोड. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिम्सची पानं त्यावरच चालतात. लिनक्सचा मॅन-पेजेस प्रकल्प मात्र जुन्या मॅन मॅक्रोंवरच आहे.

फरक कुठे जाणवतो? एखाद्या वेगळ्या पानाचा साधा उल्लेख घ्या, समजा विभाग २ मधल्या 'रीड'चा. मॅनमध्ये डॉट-बीआर (एक तुकडा ठळक, पुढचा साधा) लिहून 'रीड', मग एक स्पेस, मग कंसातला २. ती स्पेस द्यायची राहून गेली की कंसासकट सगळं ठळक होतं आणि रिव्ह्यूत कोणाच्या नजरेलाही येत नाही. एमडॉकमध्ये डॉट-एक्सआर, रीड, २. कंस तेच घालतं. फंक्शनच्या प्रोटोटाइपचंही तसंच: मॅनमध्ये अवतरणचिन्हांची कसरत करत ठळक-तिरकं आलटून पालटून द्यावं लागतं, एमडॉकला फंक्शन आणि अर्ग्युमेंट सांगा, सिनॉप्सिस या वापर दाखवणाऱ्या भागातला अर्धविरामसुद्धा तेच लावतं.

डॅशचं दुखणं तर जुनंच. मॅनमध्ये ऑप्शनच्या आधी बॅकस्लॅश विसरला की ग्रॉफ (सोर्सवरून पान मांडणारा प्रोग्रॅम) यूटीएफ-८ आउटपुटमध्ये मायनसऐवजी हायफन छापू शकतो. मग पानावरून कॉपी केलेली कमांड टर्मिनलमध्ये चालत नाही, आणि पानात तो ऑप्शन शोधला तर सापडत नाही. एमडॉकचा डॉट-एफएल हा ऑप्शनचा मॅक्रो डॅश स्वतःच घालतो.

माझं मत विचाराल तर एमडॉकच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे. मॅनडॉक हे टूल एमडॉकवरून जुनं मॅन आणि मार्कडाउन दोन्ही काढून देतं. उलटा प्रवास भरवशाने होत नाही, कारण तिरका शब्द अर्ग्युमेंट होता की नुसता जोर, हे सोर्समध्ये लिहिलेलंच नसतं. ते एकेक पान वाचून ठरवावं लागतं. पानं शेकड्यांनी असतील तर हा खर्च आधी धरा.

मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतीतून पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या टूलने पानं बनवणं दोन-चार पानांच्या टूलला पुरतं. नव्या माणसाला शिकवावं लागत नाही, हा फायदा खरा. पण तिथेही नुसतं ठळक-तिरकंच. फंक्शनांची लायब्ररी असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

लिनक्सच्या मॅन-पेजेसला पॅच पाठवायचा असेल तर निवड उरतच नाही: मॅन मॅक्रो ठेवा आणि तेच स्वच्छ करा. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, लांब वाक्य उपवाक्याशी तोडा. हा सल्ला युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी ब्रायन कर्निहॅन यांनी १९७० च्या दशकातच दिला होता. गिटच्या जमान्यात तो जास्त कामाचा ठरतो, कारण एक शब्द बदलला तर डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या तुलनेत, एकच ओळ दिसते. सोर्समधल्या रिकाम्या ओळी काढून तिथे परिच्छेदाचा मॅक्रो टाका. स्वतःची नवी लायब्ररी असेल, बीएसडीवरही चालवायची असेल, तर बेधडक एमडॉक.

काहीही निवडा, नुसत्या फॉरमॅटिंगचा कमिट मजकुराच्या दुरुस्तीपासून वेगळा ठेवा. आधीचं आणि नंतरचं पान साध्या टेक्स्टमध्ये काढून डिफ लावा. ओळी फक्त तोडल्या असतील तर परिच्छेदांत फार तर वाक्यांमधली एखादी स्पेस बदललेली दिसेल. शब्द हलला असेल तर तो कमिट परत घ्या. त्यानंतर मॅनडॉकचं लिंट, म्हणजे सोर्समधल्या चुका दाखवणारी तपासणी, चालवा. ते बडबड फार करतं, पण रिकाम्या ओळी आणि ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेस नेमक्या पकडतं.