आगीतून फुफाट्यात : ‘व्हॅलहाइम’ या खेळाविषयी

2021 च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि आमच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता बंद झाला. शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरेल या भीतीने बहीण, मेहुणे आणि भाचा असे तिघे राजारामपुरीत आमच्याकडे राहायला आले होते, आणि भाच्याने कपड्यांच्या पिशवीआधी स्वतःचा लॅपटॉप उचलून आणला होता. वीस वर्षे फाउंड्रीत भट्टीवर काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला रिकामे बसण्याची सवय नाही. ‘मामा, यातपण भट्टी आहे, बघा की एकदा,’ असे म्हणून त्याने ‘व्हॅलहाइम’ नावाचा खेळ माझ्यापुढे सरकवला. पाणी ओसरले, पाहुणे घरी गेले, मी कामावर रुजू झालो. पण रात्री साडेनऊनंतरची माझी जी दुसरी पाळी त्या आठवड्यात सुरू झाली, ती पुढे कित्येक महिने सुटली नाही. कोल्हापुरात ज्याला नाद म्हणतात, तो हाच. खेळ उत्तम आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो; तो सुटत का नाही, याचा उलगडा करण्यात बाकीची जागा खर्च करणार आहे.

स्वीडनमधल्या आयर्न गेट या छोट्या कंपनीने हा खेळ बनवला. 2 फेब्रुवारी 2021 रोजी तो अपूर्णावस्थेतच, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेस म्हणून विक्रीला आला, तेव्हा त्यावर काम करणारी माणसे अवघी पाच होती, आणि महिन्याभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. कथा नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणांची आहे. मेलेल्या योद्ध्याला एका अनोळखी रानात आणून सोडले जाते, अंगावर एक चिंधी असते आणि तिथून पुढे दगड वेचण्यापासून सगळे त्यानेच करायचे असते. हे जग वर्तुळाकार असून त्याचा व्यास साधारण 20 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा एवढा आहे. पायी निघालेल्या माणसाला ते अफाट वाटते. एकावेळी दहा जणांना एकत्र खेळता येते. आम्ही चौघे होतो, मी, भाचा आणि त्याचे कॉलेजातले दोन मित्र, आणि वयाने सर्वांत मोठा असूनही लाकूडतोड माझ्याकडे होती.

आता भट्टीचे बोलू. वीस दगड आणि पाच ‘सर्टलिंग कोअर’ (खेळातल्या अग्निभुतांचे धगधगते गाभे) एवढ्या साहित्यात इथे धातू वितळवण्याची भट्टी उभी राहते, आणि तेवढ्याच साहित्यात कोळसा पाडण्याची दुसरी भट्टी होते. पहिलीत एकावेळी खनिजाचे दहा नग आणि कोळशाचे वीस नग मावतात. एका नगाला दोन कोळसे लागतात आणि तीस सेकंदांनी धातूची कांडी ठणकन बाहेर पडते. ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्यांना हा हिशेब महाग वाटेल, कारण तिथे एका कोळशात आठ नग वितळतात आणि एकेका नगाला दहाच सेकंद लागतात. पण इंधन महाग असल्याखेरीज भट्टीची किंमत कळत नाही, हे आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. कांसे बनवताना मात्र या मंडळींनी माझी निराशा केली. दोन भाग तांबे आणि एक भाग कथील ऐरणीवर ठेवले की झाले कांसे! प्रत्यक्षात हत्यारांच्या कांशात कथील दहा-बारा टक्के असते आणि घंटेच्या कांशात ते वीस-बावीस टक्क्यांपर्यंत जाते. एक तृतीयांश कथील घातले तर जो मिश्रधातू होतो त्याचे पूर्वी आरसे करीत. तो दिसायला चकचकीत असतो आणि आपटला की काचेसारखा तडकतो. त्याची कुऱ्हाड करून झाड तोडायला गेलेल्या योद्ध्याला देवच वाचवो. भाच्याला हे सविस्तर समजावून सांगितले तेव्हा त्याने ‘मामा, ट्रोल राक्षस आलाय मागं’ एवढेच उत्तर दिले.

लोखंडाच्या बाबतीत मात्र खेळाने माझे मन जिंकले, कारण इथे लोखंड खाणीत सापडत नाही, भंगारात सापडते. दलदलीच्या प्रदेशात जमिनीत रुतलेली जुनी तळघरे आहेत. त्यांची दारे उघडणारी किल्ली ‘एल्डर’ नावाच्या वृक्षराक्षसाला मारल्यावर मिळते, आणि आत चिखलाने माखलेले भंगाराचे ढीग कुदळीने फोडावे लागतात. आमच्या वसाहतीतल्या कितीतरी भट्ट्या भंगारावरच चालतात, त्यामुळे तो ढीग पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारात मालाचा ट्रक लागल्यासारखे वाटले. लोखंडी चिलखत, विजार आणि शिरस्त्राण यांना प्रत्येकी वीस कांड्या, म्हणजे एका माणसाला साठ आणि चौघांना दोनशे चाळीस. त्यासाठी चारशे ऐंशी कोळसे हवेत. कोळसाभट्टीतून एक कोळसा पडायला पंधरा सेकंद लागतात, तेव्हा एका भट्टीला हे काम दोन तासांचे आहे, आणि तेवढे लोखंड एका भट्टीत वितळवायलाही नेमके दोन तासच लागतात. हा ताळा मी कागदावर मांडला त्या रात्री सव्वा वाजला होता आणि बायकोने दिवा मालवून घेतला.

नादाचे मूळ मला या ताळ्यातच सापडले. आमच्या धंद्यात आज ओतलेली कास्टिंग चांगली की वाईट हे आज कळत नाही. चौदाशे अंशांच्या घरातला रस लॅडलमधून, म्हणजे मोठ्या पळीतून साच्यात जातो, निवतो, वाळू झटकली जाते, ग्राइंडिंग होते, माल गिऱ्हाइकाकडे जातो, तिथे मशिनवर चढतो, आणि तीन आठवड्यांनी एखाद्या सकाळी निरोप येतो की अमुक तारखेच्या हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या मालात) ब्लो होल, म्हणजे हवेची भोके निघाली, माल परत घेऊन जा. त्या दिवशी वाळू ओली होती की रस थंड पडला होता, यावर पुढे चार बैठका होतात. ‘व्हॅलहाइम’च्या भट्टीत स्लॅग, म्हणजे मळी नाही, रिजेक्शन नाही, बैठक नाही. घातले तेवढे निघते, निघाले ते हातात येते, आणि त्याचे काय करायचे हे आपले आपण ठरवतो. कष्ट आणि फळ यांच्यामधले सगळे मधले लोक या खेळाने काढून टाकले आहेत. ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या शेऱ्याची वाट पाहावी लागते, त्याला रात्री इथे बसल्यावर उठावेसे वाटत नाही, यात नवल नाही. बँकेत काम करणाऱ्या एका मित्राला हा खेळ दाखवला, तर त्याने पहिल्या रात्री चार तास नुसते कुंपण घातले.

पण नुसते एवढे असते तर महिन्याभरात कंटाळा आला असता. पुढचे काम मागच्याला आकड्यासारखे अडकवण्याची जी युक्ती इथे आहे, ती एका मनाईत आहे. या जगात जादूची लाकडी दारे बांधता येतात. दोन दारांना एकच नाव दिले की एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येते, मग मधले अंतर कितीही असो. माणूस जातो, लाकूड जाते, मध जातो, मांस जाते. धातू तेवढा जात नाही. खिशात तांब्याचा एक खडा असला तरी दार आपल्याला आत घेत नाही. त्यामुळे दलदलीत मिळवलेले भंगार घरी आणायला होडीच लागते, आणि कांशाच्या खिळ्यांनी जोडलेल्या त्या मधल्या आकाराच्या होडीचे नाव आहे ‘कर्वे’. हे नाव नॉर्स भाषेतले आहे हे आम्हाला ठाऊक असूनही आमच्या गटात ती पहिल्या दिवसापासून ‘अण्णा’ झाली. अण्णांच्या पोटात चारच कप्पे, एका कप्प्यात भंगाराचे तीस नग, म्हणजे एका खेपेला एकशेवीस. माणसाला एरवी तीनशे वजन पेलते आणि भंगाराचा एक नग दहाचा, तेव्हा हत्यारे आणि शिधा धरून अंगावरही फारसे नेता येत नाही. चिलखतांच्या लोखंडाला सरळ दोन खेपा.

त्यातली दुसरी खेप माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. निघालो तेव्हा वारा समोरून होता, म्हणून शीड उतरवून वल्ह्यांवर किनाऱ्याकिनाऱ्याने चाललो होतो. भाचा सुकाणूवर, एकजण नाळेवर मशाल घेऊन, मी धनुष्य ताणून मागे. पाऊस लागला, लाटा होडीच्या वर उठू लागल्या, आणि पुण्यात इंटर्नशिप करणाऱ्या चौथ्या गड्याने हेडफोनवरून शांतपणे विचारले की मागे पाण्यात हिरवे काय हलते आहे. तो समुद्रसर्प होता. पुढची सात-आठ मिनिटे आम्ही चौघे प्रौढ, सुशिक्षित पुरुष प्रत्यक्षात नसलेल्या लोखंडाच्या एकशेवीस नगांसाठी ज्या आवाजात ओरडत होतो, त्याने वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली आले. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा तिचे अर्धे आयुष्य संपले होते आणि माझ्या तळहातांना खरोखर घाम आला होता. ते लोखंड गाडीवर चढवून चढणीवरून भट्टीपर्यंत ओढत नेताना, उसाच्या हंगामात रिकाम्या पोटी चढ चढणाऱ्या बैलांची आठवण झाली.

2023 मध्ये कंपनीने जगाचे नियम बदलण्याची सोय दिली आणि धातूलाही दारातून जाऊ देण्याचा पर्याय त्यात आला. वेळ कमी असलेल्या माणसासाठी ती मोठी सोय आहे, असे समजून आम्ही नवे जग सुरू करताना तो पर्याय निवडला. लोखंड मिनिटात घरी आले, चिलखते झाली, अण्णा धक्क्याला बांधलेले राहिले, आणि तीन आठवड्यांत एकेकाने खेळणे सोडले. जुन्या जगातल्या कांडीला किनाऱ्यावरच्या पावसाचा वास होता; नव्या जगातली कांडी ही नुसती कांडी होती. ज्यांना नादाची भीती वाटते, त्यांनी हा पर्याय जरूर निवडावा, तो औषधासारखा लागू पडतो.

खेळणाऱ्याला खुर्चीत खिळवून ठेवणारी आणखी एक सोय आहे, आणि ती मला किंचित अप्रामाणिक वाटते. मेल्यावर आपण घरच्या अंथरुणावर जागे होतो, पण अंगावरचे सगळे सामान मेलो त्या जागी थडग्यात राहते. ‘आता हे झाले की झोपतो’ असे ठरवून बसलेला माणूस पावणेबाराला दलदलीत जळवांनी मरतो, आणि त्याचे चिलखत, कुऱ्हाड, सोबतचे भंगार तिथे पडून असते. नागड्या अंगाने ते आणायला गेलेला तिथेच पुन्हा मरतो. हे देणे डोक्यावर ठेवून झोप लागत नाही. मी एकदा अशी तीन थडगी एका ओळीत मांडून पहाटे तीनला उठलो आणि सकाळच्या पाळीत भट्टीच्या चार्जची, म्हणजे तिच्यात घातलेल्या मालाची नोंद चुकीच्या रकान्यात केली. ती चूक माझ्या मदतनिसाने पकडली. त्यानंतर लॅपटॉपशेजारी स्वयंपाकघरातले मिनिटे मोजणारे घड्याळ आले, कारण खेळाच्या पडद्यावर वेळ कुठेच दिसत नाही. तिथला दिवस-रात्रीचा फेरा तीस मिनिटांचा आहे, आणि ‘सकाळ झाली की थांबू’ असे म्हणणाऱ्याची फसगत ठरलेली आहे, कारण सकाळी प्रकाश असतो आणि प्रकाशात कामे सुचतात.

भुकेचे गणित मात्र या प्रकारच्या इतर खेळांहून दयाळू आहे. इथे उपाशी राहून कुणी मरत नाही. तीन वेगवेगळे पदार्थ खाल्ले की ताकद वाढते, न खाल्ले की माणूस अशक्त राहतो, इतकेच. त्यामुळे स्वयंपाक ही शिक्षा न होता हौस होते, आणि तिखट नसलेल्या गाजराच्या सूपवरही आम्ही भक्तिभावाने लक्ष ठेवू लागलो. घरबांधणीत धुराचा विचार आहे याचे मला विशेष कौतुक वाटले. धुराडे न ठेवता आत चूल पेटवली तर घर धुराने भरते आणि राहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. आधाराशिवाय लांबवलेली तुळई तांबडी दिसू लागते आणि मग कोसळते. या दोन गोष्टी आमच्या परिसरातल्या काही शेड बांधणाऱ्यांनी पाहाव्यात.

उणिवा सांगायच्या तर पिशवीतले बत्तीस कप्पे फार लवकर भरतात आणि निम्मा वेळ काय टाकायचे हे ठरवण्यात जातो. डिसेंबर 2022 मध्ये आलेला धुक्याचा प्रदेश ज्यांना आवडतो त्यांना आवडो; पाच पावलांपुढचे दिसत नसताना कडेकपारींवरून उड्या मारण्यात मला रस वाटला नाही. तोडलेले झाड आपल्याच डोक्यावर पडून मरण येते, हे पहिल्या दहा वेळा विनोदी असते.

विकत घेणाऱ्यांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हा खेळ एकट्याने खेळता येतो, पण खेपेची मजा सोबतीत आहे, आणि सोबतीने खेळताना कुणातरी एकाच्या संगणकावर ते जग चालू असते. वळवाच्या एका संध्याकाळी आमच्या यजमानाच्या घरची वीज गेली आणि शेवटच्या सेव्हनंतर वितळवलेले सगळे लोखंड चौघांच्याही हातून गेले. तेव्हा गटातला सर्वांत चांगला लढवय्या कोण हे शोधण्यापेक्षा इन्व्हर्टर कुणाकडे आहे ते आधी विचारावे आणि यजमानपद त्याला द्यावे.