दादरचे मोचीकाका आणि आमच्या टीमचा सीझन

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका मोचीकाकांचा आहे. दुकान नाही, बोर्ड नाही, दादर पूर्वेला पुलाचा जिना उतरलात की निळी ताडपत्री दिसेल, तिथेच बसतात. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा यंदाचा अख्खा सीझन त्यांच्या हातावर निघालाय, आणि कॅप्टन म्हणून हे लिहायलाच हवं असं मला मनापासून वाटतंय.

मुंबईत कॉलेज फुटबॉल म्हणजे पाऊस आलाच. आमची प्रॅक्टिस जुलैपासून शिवाजी पार्कात, घोटाभर चिखलात. त्यात आमच्या पोरींचे पाय चार नंबर, पाच नंबर, आणि या साइझमध्ये आम्हाला दुकानांत जे मिळाले ते सगळे लहान मुलांचे बूट, ज्यांचा सोल नुसता चिकटवलेला असतो, शिलाई नाहीच. मग ते चिखलात भिजतात, घरी पंख्याखाली अर्धवट सुकतात, परत भिजतात आणि पुढून बोटांपाशी उघडायला लागतात कारण पाय तिथेच वाकतो. दुसऱ्याच मॅचला आमच्या राइट विंगला (उजव्या कडेने) खेळणाऱ्या पोरीचा सोल असा काही उघडला की चिखलात रुतून बूटच पायातून निघाला, आणि ती बाई तशीच मोज्यावर पळत गेली आणि तिने कडेवरून गोलसमोर बॉल मारला, म्हणजे क्रॉस टाकला!! समोरच्या टीमने आरडाओरडा केला पण नियम तसाच आहे, बूट चुकून निघाला तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळता येतं, तेवढ्यात गोल झाला तर तोही धरतात. आमचा झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याच संध्याकाळी आम्ही चार जोड्या घेऊन काकांकडे गेलो. मी तासभर तिथे उभी राहून बघितलं म्हणून सांगू शकते. आधी रापीने (चामडं कापायच्या सुरीने) जुनं सोल्युशन खरवडून काढलं, मग कानशीने दोन्ही बाजू खरखरीत केल्या, नवीन सोल्युशन लावून बूट तसेच उघडे ठेवले आणि बोटाला चिकटायचं थांबल्यावरच दाबून ऐरणीवर ठोकले. इथवर कोणीही करेल. त्यानंतर सोलच्या कडेला त्यांनी बारीक खाच पाडली आणि दोऱ्याला मेण चोळून आरीने (चामड्याला भोक पाडायच्या टोच्याने) त्या खाचेतूनच टाके घातले, म्हणजे दोरा जमिनीला घासत नाही. खालून स्टड (सोलखालचे खुंट) मध्ये येतात म्हणून आरी तिरकी घालावी लागते, त्याला जोर लागतो, काकांच्या अंगठ्याला तिथे चक्क घट्टा पडलाय.

एका जोडीचे १२० रुपये. सीझनभरात अकरा जोड्या झाल्या, सगळे मिळून १,३२०, म्हणजे एका नव्या जोडीपेक्षाही कमी. आणि शिवलेल्या अकरापैकी एकही परत उघडली नाही.

अर्धा स्टार कापतेय त्याचं कारण पण सांगते. आतल्या बाजूला गाठ राहते, ती करंगळीला लागते, आमच्या दोघींना फोड आले. सांगितल्यावर काकांनी आतून चामड्याचा तुकडा लावून दिला, पैसे घेतले नाहीत, पण ते पहिल्यांदाच करायला हवं होतं. दुसरं म्हणजे ओले बूट ते घेतच नाहीत. "पोरी, आधी धू, सावलीत सुकव, मग आण. ओल्यावर सोल्युशन धरत नाही." आम्हाला दुसऱ्या दिवशी मॅच होती, मी खूप विनवण्या केल्या, तरी नाहीच. तेव्हा राग आलेला, आता पटतं.

काका बोलके आहेत. एकदा आमची मॅच बांद्र्याला नेव्हिल डिसोझा ग्राउंडवर होती म्हटल्यावर विचारलं, हा कोण? मग मी बसून सांगितलं की १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्यात याने हॅटट्रिक मारली, आपण चौथे आलो. आणि त्याच्या आधी १९४८ ला लंडनमध्ये आपले बरेचसे प्लेअर अनवाणी खेळले होते, १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीत पण काही जण अनवाणीच, तिथे युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरलो आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. काका हातातलं काम थांबवून ऐकत होते. "अनवाणी? थंडीत?" एवढंच म्हणाले आणि पुढचा टाका जरा जास्तच ओढून घट्ट केला. मला तो क्षण विसरता येत नाहीये.

आम्ही क्वार्टर फायनलला १-० हरलो. शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाल्ला, खूप रडलो सगळ्या. पण गेल्या वर्षी पहिल्याच राउंडला बाहेर पडलेली टीम इथवर आली, आणि त्या मॅचला अकराच्या अकरा जणी स्वतःच्या बुटात उतरल्या, कोणी कोणाचे मागून घातले नव्हते. याआधी असं कधीच झालं नव्हतं.

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं. बूट धुऊन, सुकवून न्या, लेस काढून न्या, आणि आतून चामडं लावायला आधीच सांगा. मे महिन्यात काका गावाला जातात, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतात, आमच्या ज्युनिअर्सचे सहा जोड मी तेव्हाच नेऊन देणार आहे, ट्रायल्सच्या आधी.

पाचपैकी साडेचार.