सेटिंग्जचा तक्ता: अकारविल्हे की विषयवार?

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तक्ता लावण्याआधी बघायचं ते एवढंच, की वाचक काय हातात घेऊन येतो: नाव, अडचण की एरर कोड? पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याची चांगली उदाहरणं आहेत.

नाव ठाऊक असलेल्याला अकारविल्हे तक्ता सगळ्यात सोयीचा. पण तिथल्या ३००हून अधिक सेटिंग्ज अशा लावल्या, तर मेमरीच्या सेटिंग्ज चार दिशांना जातात. हॅश_मेम_मल्टिप्लायर 'एच'मध्ये, मेंटेनन्स_वर्क_मेम 'एम'मध्ये, शेअर्ड_बफर्स 'एस'मध्ये, वर्क_मेम पार शेवटी. सर्व्हरची मेमरी कमी पडतेय, एवढंच कळलेल्या माणसाने कुठून सुरुवात करायची?

म्हणूनच तिथलं कॉन्फिगरेशनचं प्रकरण विषयवार आहे आणि ही चारही नावं मेमरीच्या एकाच पोटविभागात मिळतात. खोट अशी, की काही सेटिंग्जना दोन घरं शोभतात. ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम मेमरीत बसलंय, ऑटोव्हॅक्यूमच्या (डेटाबेसच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईच्या) बहुतेक सेटिंग्ज दुसरीकडे. अशी ओळ दोन्हीकडे लिहिली, की पुढच्या आवृत्तीत एकीकडचं डीफॉल्ट बदलतं आणि दुसरीकडचं जुनंच राहतं. दुसऱ्या जागी फक्त लिंक द्यावी.

एरर कोडचा तक्ता कोडच्याच क्रमाने हवा. वाचक लॉगमधून कोड उचलून आणतो. इथे पाच अक्षरी कोडची पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, त्यामुळे युनिकचा (एकच मूल्य दोनदा नको हा) नियम मोडल्याचा २३५०५ आणि फॉरेन कीचा (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीशी जोडणीचा) नियम मोडल्याचा २३५०३ आपोआप एकाच गटात येतात. सेटिंग्जच्या नावांत ही सोय नाही.

३०-४० ओळींपर्यंत अकारविल्हे पुरे. त्यापुढे मुख्य तक्ता विषयवार आणि शेवटी नावांची सूची, दोन्ही एकाच डेटा फाइलमधून बिल्डच्या वेळी, म्हणजे डॉक्युमेंटेशनची पानं बनताना, तयार होणारी. प्रत्येक ओळीला स्वतंत्र अँकर (थेट त्या ओळीवर नेणारी खूण) द्या, नाहीतर सूचीतली लिंक लांबलचक पानाच्या माथ्यावर नेऊन सोडते.

युनिट आणि 'रीस्टार्ट लागतो का' हे कॉलम हमखास गळतात. युनिट न लिहिता आकडा दिला, तर वर्क_मेम तो किलोबाइटमध्ये धरतं आणि शेअर्ड_बफर्स ब्लॉकमध्ये, म्हणजे सहसा ८ केबीच्या पटीत. शिवाय शेअर्ड_बफर्सला रीस्टार्ट लागतो. वर्क_मेम चालू सेशनमध्येही बदलतं.

तक्ता मराठी शब्दांचा असेल तर सॉर्टिंगचं लोकेलही (भाषेचं सेटिंग) मराठी ठेवा. नुसत्या युनिकोड क्रमाने 'ळ' 'ल'च्या मागोमाग येतो आणि 'क्ष' 'क'मध्ये शिरतो. आपण दोन्ही 'ह'नंतर शोधतो.