समकक्षतेच्या कागदापायी ४,३५,००० रुपये: ज्यांची मुलं आखातात शिकतात त्या गोव्यातल्या पालकांनी वाचावं

मुलीच्या एमबीबीएस ॲडमिशनसाठी म्हापशातल्या एका कन्सल्टंटला एकूण ४,३५,००० रुपये दिले. ३५,००० ‘एआययूच्या फाइलचे’ (परदेशी बारावी इथल्या बारावीच्या बरोबरीची आहे, असा समकक्षतेचा दाखला देणारी संस्था), १,५०,००० ‘एनएमसीच्या मंजुरीचे’ (मेडिकल शिक्षणाचे नियम ठरवणारं नॅशनल मेडिकल कमिशन) आणि २,५०,००० ‘सीट धरून ठेवायचे’. हात धुऊन मागे लागल्यावर ४०,००० परत आले. उरलेले ३,९५,००० रुपये घेऊन तो माणूस आजही म्हापशात उजळ माथ्याने फिरतो आहे.

माझे यजमान मस्कतला नोकरीला आहेत. मुलगी तिथे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकली. ए लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, तिने फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलं. इंग्लिश आयजीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीच्या पातळीलाच संपलं. घोटाळा इथेच आहे. इथे एमबीबीएसला जायचं तर बारावीच्या तोडीला या तीन विषयांबरोबर इंग्लिशही लागतं, आणि परदेशी बोर्ड असेल तर वर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं, म्हणजे एआययूचं, समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरताना हे दाखले कोणी तपासत नाही. मुलं रात्र रात्र जागून ७२० मार्कांची परीक्षा देतात, रँक येते, आणि पात्र आहे की नाही हे कळतं ॲडमिशनच्या टेबलावर.

डिचोलीत राहून मी हे कोणाला विचारायचं होतं? शाळेला भारतातले नियम ठाऊक नाहीत. इथल्या कार्यालयात गेले तर ‘दिल्लीला विचारा’, आणि दिल्लीचा फोन नुसता वाजत राहतो. बांबोळीचं गोमेकॉ हे एकच सरकारी मेडिकल कॉलेज, त्यावर अख्ख्या गोव्याचा डोळा, त्यामुळे चूक करायला जागा नव्हती. नात्यातल्या एकाने या कन्सल्टंटचं नाव दिलं. ऑफिस, एसी, भिंतीवर ॲप्रन घातलेल्या मुलांचे फोटो. ‘वहिनी, इंग्लिशचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, ते माझ्यावर सोडा,’ असं म्हणाला. इतके दिवस कोणीतरी हे म्हणावं म्हणूनच मी वणवण करत होते.

त्यात ते साल २०२४. नीट ५ मेला झाली, निकाल ४ जूनला लागला, मग पेपरफुटी, ग्रेस मार्क, सुप्रीम कोर्ट, २६ जुलैला सुधारित निकाल, कौन्सेलिंग, म्हणजे रँकप्रमाणे सीट वाटायची प्रक्रिया, ऑगस्टवर. त्या गोंधळात याचं फावलं. काहीही विचारलं की ‘दिल्लीत सगळं अडकलंय’. टीव्हीवरही तेच दिसत होतं, मग खोटं कसं म्हणणार?

आणि तो कागद. समकक्षतेचं प्रमाणपत्र त्याने माझ्या हातात दिलं त्यावर तारीख होती १९ जुलै. खाली विषयांसमोर ग्रेड छापलेल्या: ए, ए, बी. ए लेव्हलचा निकाल लागतो ऑगस्टच्या मध्याला! जो निकाल मुलीने स्वतः पाहिलेला नाही, त्याची समकक्षता दिल्लीने दिली कशी? त्या ग्रेड शाळेने पत्रात लिहून दिलेल्या अंदाजाच्या होत्या. ते पत्र त्यानेच मागून घेतलं होतं, ‘प्रोव्हिजनल काढतो’ म्हणून. मी हायस्कुलात गणित शिकवते, आकडे आणि तारखा हा माझा रोजचा धंदा, आणि तो कागद मी देवापुढे ठेवला. ती १९ जुलै आठवली की अजून अंगाची लाही होते. पण गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी असलं की माणूस मुलीचं नाव बरोबर लिहिलंय ना तेवढंच बघतो. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं.

दुसरं पत्र ‘मंजुरीचं’. त्यावर मथळा मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा. ती कौन्सिल २५ सप्टेंबर २०२० पासून अस्तित्वातच नाही, तिच्या जागी एनएमसी आली. मेलेल्या संस्थेच्या पत्राचे १,५०,०००! तुमच्या हातात असं पत्र असेल तर आधी मथळा वाचा.

ॲडमिशनच्या टेबलावरच्या बाईंनी समकक्षतेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक पडताळला आणि ‘असं प्रमाणपत्र नोंदीत नाही’ म्हणून फाइल परत सरकवली. वर आम्हीच बनावट कागद आणल्यासारखं मुलीकडे बघितलं. ती अठरा वर्षांची पोर तिथे रडली. कोणी पाणी विचारलं नाही.

पोलिसांचं काय सांगू? आधी म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. खोटा सरकारी कागद करणं सिव्हिल कसं? मग म्हणाले, ऑफिस म्हापशाचं, पैसे डिचोलीच्या बँकेतून, कागद दिल्लीचा, तेव्हा हद्द कोणाची? हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, ती झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, हे तक्रारदाराने पोलिसांना सांगायचं का? मग तिसरीच शंका: पैसे जूनमध्ये दिले, कागद जुलैत मिळाला, १ जुलैपासून नवा कायदा, तर फसवणुकीला जुन्या कायद्याचं ४२० लावायचं की भारतीय न्याय संहितेचं ३१८? ते माझं काम आहे का? ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि पोच घ्या, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. ऑनलाइन पाठवलेले पैसे असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माझे १,५०,००० रोख गेले, त्याची पावती नाही. बाकीच्यावर ‘कौन्सेलिंग चार्जेस’ एवढंच लिहिलंय. अशी पावती घेऊ नका, कशाचे पैसे ते शब्दांत लिहून घ्या.

सीट कोणी धरून ठेवत नाही. डीम्ड युनिव्हर्सिटी असो, एनआरआय कोटा असो, एमबीबीएसची सीट कौन्सेलिंगमधूनच मिळते.

सगळ्यात जास्त चीड याची की इंग्लिशवर उपाय आधीच होता. बारावीनंतरही एखादा विषय मान्यताप्राप्त बोर्डातून जादा विषय म्हणून पास केला तर चालतो, अशी सूचना एनएमसीने २२ नोव्हेंबर २०२३ लाच काढली होती. आम्ही पैसे देण्याच्या कितीतरी आधी! एवढं एक वाक्य कुठल्याही टेबलावर कोणी सांगितलं असतं तर मी म्हापशाच्या त्या ऑफिसची पायरी चढले नसते. एआययूचा अर्जही ऑनलाइन, घरबसल्या करता येतो, फी त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेली असते. आता मुलगी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेच्या बोर्डातून, इंग्लिश देते आहे. त्याची फी या माणसाने लुबाडलेल्या रकमेपुढे चिल्लर आहे. तिचं वर्ष मात्र गेलं.

याने बार्देशात आणि सत्तरीत आणखी काही घरांकडून पैसे घेतल्याचं कानावर आलंय. ती घरं लाजेने गप्प आहेत. कृपा करून तक्रार द्या. पावती नसली तरी व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेचं स्टेटमेंट आणि तो बनावट कागद जपून ठेवा, त्याला परत देऊ नका. माझ्याकडून तो ‘दुरुस्तीसाठी’ मागत होता. एकटीची तक्रार सिव्हिल म्हणून परत पाठवली, चार घरांची पाठवून दाखवावी.