एआरटी सेंटर घराजवळचं की लांबचं? लेकरासाठी ठरवताना

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला. सहा वर्षांची नात, नुकतंच एचआयव्हीचं निदान झालंय, आई नाही, आता ती यांच्याकडेच. टेस्ट वगैरे सगळं झालंय, फक्त औषध कुठल्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्राला, सुरू करायचं तेवढं ठरत नव्हतं. आपल्या तालुक्याजवळ, की कोणी ओळखत नाही अशा लांबच्या गावी? फोनवर बोललो तेच इथे जरा नीट लिहितो, कारण हा प्रश्न पडला नाही असं घर मला अजून भेटलेलं नाही.

मी माझ्या भाच्याला सांभाळतो, त्यालाही एचआयव्ही आहे. २०१६ साली पाच वर्षांचा असताना आमच्याकडे आला, आता नववीत आहे. त्यावेळी नातेवाईकांनी सुचवलं होतं की संस्थेत ठेव. हासेगावचं सेवालय किंवा बीडजवळच्या पालीचं आनंदग्राम, अशा ठिकाणी लेकरांना खरंच माया मिळते, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे, पण मामा असताना पोरगं बाहेर कशाला. मग सहा वर्षं शेजारच्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजचं सेंटर केलं, आणि २०२२ पासून घरापासून २२ किलोमीटरवरचं.

औषधाचा विचार करून ठरवत असाल तर ते आधी डोक्यातून काढा. दोन्हीकडे नॅकोच्याच (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) गोळ्या, दोन्हीकडे फुकट. २०१७ च्या मार्चमध्ये लोपिनावीरचं, म्हणजे मुलांच्या एचआयव्हीच्या औषधाचं, सिरप संपलं तेव्हा मोठं सेंटर आणि छोटं सेंटर असा भेद नव्हता, ते देशभर संपलं होतं आणि सहाशेच्या वर मुलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. आमचा त्यावेळी सिरपवरच होता. इतकं कडू की नाक दाबून घ्यायचा आणि वर लगेच गुळाचा खडा. मे महिन्यात एसटीने पाच तास यायचं म्हणून स्टँडवरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ घेऊन थर्मासात बाटल्या ठेवायचो, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं निम्मं पाणी झालेलं असायचं. आता बारक्या मुलांना पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्राविर या नव्या औषधाची १० एमजीची गोळी आहे, चवही स्ट्रॉबेरीसारखी, त्यामुळे काकूंच्या नातीला हा त्रास बहुतेक होणारच नाही. मुलांच्या औषधात खरंच खूप सुधारणा झाली आहे, हे मनापासून सांगतो.

लांबच्या सेंटरचं चांगलं काय ते आधी सांगतो, नाहीतर अन्याय होईल. तिथे बालरोग विभाग शेजारीच होता. वजन दीड किलो वाढलं की डॉक्टर लगेच डोस बदलायचे, आणि मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण मोठ्या माणसाचा डोस एकदा ठरला की ठरला पण पोरगं तर वाढतच राहतं. काउन्सेलर मॅडम मुलांशी बोलण्यात एकदम तयार होत्या, चित्रं काढून घ्यायच्या, "तुझ्या अंगात सैनिक आहेत" असं करत करत हळूहळू विषयाकडे न्यायच्या. आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कोणी नाही. रांगेत निवांत बसता येतं. सुरुवातीच्या वर्षात घरच्यांचीच मनं थाऱ्यावर नसतात तेव्हा ह्या निवांतपणाची किंमत मोठी आहे, ती मी कमी लेखणार नाही.

जवळच्या सेंटरला हे सगळं नाही. आम्ही गेल्यापासून डॉक्टर तीनदा बदलले. मुलांचे डॉक्टर आठवड्यातून ठराविक वारी येतात. व्हायरल लोडचं (रक्तात विषाणू किती आहेत ते मोजायची टेस्ट) रक्त बाहेर जातं आणि रिपोर्ट यायला मेडिकल कॉलेजपेक्षा जास्त दिवस लागले, निदान आमच्या वेळी तरी.

आणि भीती? भीती होतीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा तिथे जावं लागलं, जिल्ह्याची सीमा बंद, लांबच्या सेंटरने फोनवर सांगितलं की हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराच्या नोंदींचं पुस्तक, घेऊन जवळच्या सेंटरला जा, ते गोळ्या देतील. तोंडाला मास्क होता तरी मी गेटबाहेर पंधरा मिनिटं उभा होतो. आत गेलो तर बाकावर आमच्याच शिवेपलीकडच्या गावची एक बाई बसलेली. दोघांनी एकमेकांना ओळखलं, आणि तिच्या हातात पण तेच हिरवं पुस्तक. तिने आज पाच वर्षांत कोणाला एक शब्द सांगितलेला नाही आणि मीही नाही. सगळीकडे असंच होईल अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण आपण समजतो तितके लोक तिथे आपल्याकडे बघायला बसलेले नसतात, ते स्वतःच लपत असतात.

आता ज्या गोष्टीमुळे मी शेवटी ठरवलं ती. प्रवास नाही, पैसे नाहीत. एसटीत एचआयव्ही असणाऱ्यांना सवलत आहे पण कंडक्टरपुढे भर गाडीत ते कार्ड काढायचं कोणी, म्हणून आम्ही कायम पूर्ण तिकीटच काढलं, तेही चाललं. संपाच्या काळात २०२१ च्या दिवाळीनंतर वडापने तीन गाड्या बदलून गेलो, तेही चाललं. चाललं नाही ते शाळेचं कारण.

लांब जायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला. वर्षाला दहा-बारा दिवस, आणि प्रत्येक वेळी शाळेत कारण द्यायचं. पोट दुखत होतं. मावसबहिणीचं लग्न. ताप. आत्याच्या घरी पूजा. चिठ्ठ्या मी लिहायचो. एकदा रात्री, तो तेव्हा पाचवीत असेल, दप्तर भरताना त्याने वहीचं मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर त्याने आधीच्या सगळ्या कारणांची यादी केली होती, तारखेसकट, म्हणजे तेच कारण परत येऊ नये म्हणून. आणि मला विचारतो, "मामा, ह्या वेळी काय सांगायचं?" त्याला तोपर्यंत आजाराचं नाव सुद्धा सांगितलेलं नव्हतं. गोळी कशाची ते माहीत नाही, पण लपवायची असते हे पक्कं माहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल शाळेला सांगून टाकायचं. कायदा आपल्या बाजूने आहे, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, शाळा पोराला काढू शकत नाही आणि आपल्यावर सांगायची सक्तीही नाही. पण कायदा वर्गातल्या बाकावर शेजारी येऊन बसत नाही, त्यामुळे सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, आम्ही नाही सांगितलं.

जवळ आल्यावर काय झालं, तर सकाळी नऊला नंबर लावतो, साडेअकराला तो शाळेत असतो. "दवाखान्यात गेलो होतो" एवढं सांगायचं, आणि ते खरंच असतं. त्यातून दुसरीही एक गोष्ट झाली. आजाराबद्दल त्याला मी सहावी संपता संपता सांगितलं, आणि नंतर तो कधीकधी एकटा सायकल-एसटी करून गोळ्या घेऊन येऊ लागला. लांबच्या सेंटरला हे शक्यच नव्हतं. आता वजन ३० किलोच्या पुढे गेलंय म्हणून दिवसाला एकच टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, गोळी आहे, ती तो स्वतः घेतो, मी विचारतही नाही. मागचे दोन्ही व्हायरल लोड टीएनडी आले, म्हणजे टेस्टमध्ये विषाणू सापडलाच नाही. ते फक्त जवळ आल्यामुळे असं म्हणणार नाही, औषधही चांगलं बदललं होतं. पण माझ्या मते निम्मं श्रेय तरी त्या २२ किलोमीटरला द्यावं लागेल.

यूएनएड्सच्या आकड्यात २०२३ साली जगभरात मोठ्यांपैकी ७७ टक्के लोक उपचारावर होते आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी फक्त ५७ टक्के. आकडा वाचला तेव्हा मला ती वहीच आठवली. मोठा माणूस स्वतःच्या पायाने जातो, लेकराला कोणीतरी न्यावं लागतं, आणि नेणारा थकला की सगळं थांबतं.

तेव्हा काकूंना मी असं सांगितलं. नात फार अशक्त असेल, टीबी असेल किंवा औषध लागू पडत नसेल तर सुरुवात मोठ्या ठिकाणीच करा, मुंबईकडे असाल तर सायनला मुलांसाठी खास सेंटर आहे. एकदा गाडी रुळावर आली की मग जवळ या, आणि तेही पाचवी-सहावीच्या आधी, कारण नंतर मुलं कारणं रचायला शिकतात. बदलताना ट्रान्सफरचं पत्र आणि हिरवं पुस्तक दोन्ही घ्या, आणि निघताना हातात महिन्याच्या गोळ्या आहेत ना ते तिथेच खिडकीपुढे मोजून घ्या. आमची नवीन ठिकाणची नोंद व्हायला आठ दिवस लागले होते. काही अडलं तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तुमची पुढची तारीख कधी आहे? म्हटलं येत्या शनिवारी. तर म्हणाल्या, मग मी पण नातीला घेऊन येते, बघून तरी जाते. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, तिला खिडकी मी दाखवतो.